मावळतीच्या आधीचं पिठलं

बिबवेवाडीतल्या सॉफ्टवेअरवाल्या पोरांना शैलाकाकू डबे पुरवत. स्वभाव तिखट. डबा अर्धा परत आला की विचारत, "काय रे, कंपनीतच पोट भरतं वाटतं?" पण कुणाची एकादशी, कुणाचा रोजा, सगळं त्यांना तोंडपाठ. आणि वरच्या खोलीत भाड्याने राहणाऱ्या, सांगलीकडच्या भरतेशचं पर्युषण तर विचारूच नका.

पर्युषणात भरतेश दिवसातून एकदाच जेवे, तेही सूर्य मावळायच्या आत. कांदा-लसूण वर्ज्य. त्याच्यासाठी काकूंची कढई वेगळी, पळी वेगळी. त्याची आई खोली बघायला आली तेव्हा भिंतीवरची बुद्धाची तसबीर बघून जराशी थबकली होती. ते थबकणं काकूंच्या चांगलंच ओळखीचं. लहानपणी किती दारांत सोसलेलं. पण बाईंनी आपणहून पाणी मागितलं, तांब्या रिकामा केला आणि म्हणाल्या, "ह्याचं व्रत आता तुमच्या हातात." तेव्हापासून पोरावर काकूंचा जीव.

आणि नेमकी तिथेच माती खाल्ली. गौरींच्या पुरणपोळ्यांची ऑर्डर होती, सकाळपासून नुसती धांदल. दुपारी भरतेशची उरलेली आमटी चाखली आणि काकूंनी मसाल्याच्या बरण्या उघडून बघितल्या. गोडा मसाला समजून कांदा-लसूण मसाला पडला होता. भाजीतही तोच. डबा केव्हाच गेला होता.

"नकळत झालं ना? मग सांगतेस कशाला?" बाबुराव म्हणाले. काकूंचे हे यजमान पोस्टातून निवृत्त झालेले, भांडण टाळण्यात पटाईत. "गप्प बसणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे."

"अहो, रोज संध्याकाळी पंचशील म्हणतो ते काय भिंतीला ऐकवायला?"

सहाच्या सुमारास भरतेश आला. तो बूट काढतोय तोच काकूंनी सगळं सांगून टाकलं. "तुझ्या आईला काय तोंड दाखवू रे?" म्हणताना त्यांना रडूच फुटलं.

भरतेश खाली मान घालून म्हणाला, "झाकण उघडताच वास आला, काकू. खाल्लं नाही. मित्राला दिला डबा."

"मग फोन नाही करायचा?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं. आमटी मस्त झाली होती, असंच सांगणार होतो."

"म्हणजे सकाळपासून उपाशी? गाढवा!" काकूंचं रडू कुठल्या कुठे पळालं. "अहो, गॅलरीत जा, सूर्य बघा!"

वेगळी कढई चढली. जिरं-हिंगाची फोडणी, बेसन, पिठलं रटरटलं. शेजारी तव्यावर भाकरी. तळजाईच्या टेकडीकडे डोळे लावून बाबुराव ओरडत होते, "आहे अजून! आहे!" भरतेश तोंड भाजत जेवत होता.

मग गॅलरीतला आवाज बंद झाला. काकूंनी विचारलं, "अहो, आहे ना?"

ताटात अर्धी भाकरी बाकी होती, आणि स्वयंपाकघरातून टेकडी दिसत नव्हती. बाबुरावांच्या जिभेवर अजून एक "आहे" आलं असणार, हे काकूंना इतक्या वर्षांच्या संसारानंतर न सांगता कळलं. त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

"गेला रे बाळा," बाबुराव शेवटी म्हणाले.

भरतेशने हात आखडला, ताटाला नमस्कार केला. "पोट भरलं, काका. अगदी गच्च."

हे धडधडीत खोटं होतं. शैलाकाकूंनी उरलेली भाकरी झाकून ठेवली आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.