फ्रिजवरचा तळहात

मावशी आमच्याकडे आल्या की बसायच्या आधी फ्रिजच्या कडेला तळहात टेकवत. मोटर चालू आहे एवढ्यावर त्यांचं भागत नसे. ती थांबेपर्यंत हात तसाच. बायको हसायची. "मावशी, आत कालची आमटी आहे. तिला काय होतंय?"

"सवय गं. मोटर चालायला हवी, तशी थांबायलाही हवी. थांबलीच नाही तर आतलं गोठतं."

त्या मूळच्या नागपूरच्या, लग्नानं बंगाली. इथे बंगालमध्ये आमच्या वॉर्डातल्या सरकारी आरोग्य केंद्रात नर्स होत्या आणि लहान मुलांच्या लशींचा फ्रिज त्यांच्या ताब्यात असे. आत दोन ते आठ अंश, त्याच्या खाली नाही की वर नाही. मी हिशोबातला माणूस. एकदा विचारलं, खर्च कोणाचा? म्हणाल्या, "लस दिल्लीची, दुरुस्ती राज्याची, वीज महापालिकेची. लस बिघडली की मात्र माझी."

फ्रिजची मोटर चालू-बंद करणारा थर्मोस्टॅट कुरकुरतोय हे त्यांनी लेखी कळवलं होतं. महापालिकेनं तो कागद राज्याकडे पाठवला. राज्यानं, यंत्र मुळात दिल्लीनं दिलेलं, म्हणून परत केला. मावशींची झोप उडाली. "मला घाबरायचाच पगार मिळतो," म्हणायच्या.

गेल्या वैशाखात वादळात झाड पडून वीज गेली. संध्याकाळी आली तसे सगळे निवांत झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी माझी मुलगी न्यू टाउन भागातून दीड महिन्याच्या नातवाला घेऊन आली. तिच्या कंपनीच्या विम्यात मोठं हॉस्पिटल बसतं, पण टोचायचं ते मावशींकडेच, हा तिचा हट्ट. मी सोबत गेलो. बाकावर कामाचा खाडा करून आलेल्या आया बसल्या होत्या. मावशी फ्रिजला हात लावून उभ्या होत्या. मोटर रात्रभर थांबली नव्हती. आतला काटा शून्याखाली.

त्यांनी साहेबांना फोन लावला. "बाटलीवरची खूण ठीक आहे ना? मग द्या," पलीकडून आवाज आला.

"सर, ती खूण उष्णता दाखवते. गोठून बिघडलेली लस बाहेरून चांगलीच दिसते."

"इतके डोस वाया. जाब तुम्ही द्याल?"

"देईन," म्हणाल्या. फोन ठेवून त्यांनी बाकावरच्या आयांना सांगितलं, आज टोचणं नाही.

एक बाई चिडली. "मासी, आजची मजुरी बुडाली माझी."

"बुडाली, मा," मावशी लेकीला म्हणावं तसं म्हणाल्या. "पण टोचून घरी गेली असतीस, तर पोर सुरक्षित आहे असं वाटलं असतं तुला."

मुलीनं बाळाला छातीशी घट्ट धरलं.

नव्या लशी आल्यावर मावशींनीच नातवाला टोचलं. वाया गेलेल्या डोसांबद्दल त्यांना नोटीसही आली. निवृत्ती तोंडावर होती, पेन्शन अडकलं. त्या नागपूरला भावाकडे गेल्या. निघताना मी विचारलं, "थर्मोस्टॅट बदलला?"

"कागद फिरतोय."

गेल्या आठवड्यात नातवाच्या पुढच्या डोससाठी गेलो. नवी नर्स हसतमुख होती. फ्रिज तोच. हात लावू का, असं विचारल्यावर ती म्हणाली, "लावा ना, काका." तळहात टेकवला. मोटर चालू होती. मी थांबलो. रांग पुढे सरकत राहिली, मोटर चालूच राहिली.

"बाबा, आपला नंबर आला," मुलगी म्हणाली.

मी हात काढला नाही.