चूक कोणाची, हे न विचारणाऱ्या बाई

चिअरलीडिंगचा आमच्या चिअरलीडिंगच्या बाईंइतका तिटकारा असलेलं माणूस अख्ख्या पुण्यात शोधून सापडलं नसतं. बाई मूळच्या खो-खोच्या. कॉलेजात वर्षानुवर्षं त्यांनी मुलींना पाठलाग करायला आणि हूल द्यायला शिकवलं, आणि निवृत्ती जवळ आली असताना प्राचार्यांनी बोलावून सांगितलं की यंदा आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत चिअरलीडिंग आहे, संघ तयार करा. म्हणजे काय ते प्राचार्यांनाही नीट माहीत नव्हतं. बाईंनी मोबाइलवर तासभर व्हिडिओ पाहिले, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "म्हणजे मुलीला वर फेकायचं, खाली झेलायचं आणि मधल्या वेळात हसायचं. ठीक आहे. हसण्याचं तुमचं तुम्ही बघा." हातातल्या चमचमत्या गोंड्यांना त्या शेवटपर्यंत 'झिपऱ्या' म्हणत.

आमच्या गटात चौघी होतो. मी आणि ऋतुजा समोरासमोर उभ्या राहून मानसीचा एकेक पाय खांद्याच्या उंचीवर तोलायचो आणि संपदा मागून तिचे घोटे धरायची. आम्हा खालच्यांना बाई 'पाया' म्हणत आणि मानसीला 'कळस'. पहिले पंधरा दिवस कळसाला त्यांनी बाकावर बसवून ठेवलं आणि आमच्याकडून तांदळाचं पोतं उचलून घेतलं. "हे पडलं तर मी भात लावीन. ती पडली तर तिच्या आईला काय सांगू?" एवढंच त्यांचं स्पष्टीकरण. कुणी उशिरा आलं तर त्या रागवत नसत, नुसतं अहो-जाहो करत. "या, आपण आलात, बरं वाटलं. सतरंजी अंथरू का?" त्यापेक्षा दोन शिव्या परवडल्या असत्या. आम्ही भांडलो की कारण न विचारता व्यायामशाळेतलं लोखंडी कपाट एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत उचलून न्यायला लावत. न बोलता ते कपाट हलतच नसे. निदान "जरा तुझ्या बाजूनं" एवढं तरी म्हणावं लागे, आणि एकदा तेवढं म्हटलं की पुढचा अबोला टिकत नसे. त्या वर्षी त्या कपाटानं बराच प्रवास केला.

पण एका भांडणाला कपाटही पुरलं नाही. स्पर्धा तीन आठवड्यांवर आली होती. मानसी वर उभी होती, बाईंची मोजणी चालू होती, आणि गॅलरीतून कुणीतरी मोबाइलवर आमचं चित्रीकरण करत होतं. त्यात मी दिसते आहे का, हे बघायला मी मान वळवली. क्षणभरच. माझा हात खाली गेला, मानसीचा पाय निसटला आणि ती ऋतुजाच्या अंगावरून गादीच्या कडेवर आदळली. कोपर सुजलं. घाबरलेली संपदा ओरडली, "ऋतुजा, तुझी बाजू गेली!" आणि मी म्हणाले, "हो, मलाही तसंच वाटलं."

ते वाक्य माझ्या तोंडून इतकं सहज आलं की मलाच ते खरं वाटलं. ऋतुजा खराडीची. आजूबाजूला कंपन्यांच्या काचा उभ्या राहिल्या तरी तिच्या घरी अजून गोठा होता, आणि चिडली की तिची भाषा थेट त्या गोठ्यातून यायची. "माझा हात हलला न्हाई," ती म्हणाली. "तुमाला म्हणायचं असंल तर म्हणा." दुसऱ्या दिवसापासून ती यायची बंद झाली. मानसीच्या कोपराची सूज दोन दिवसांत उतरली, पण वर चढायचं नाव काढलं की ती गादीपासून लांब जाऊन बसे. बाईंनी ऋतुजाच्या जागी दुसरी मुलगी उभी केली नाही. रोज वेळेवर येऊन त्या रिकाम्या जागेकडे बघत बसत.

चौथ्या दिवशी त्या आम्हा तिघींना घेऊन खराडीला गेल्या. मी त्यांच्या स्कूटरवर मागे, बाकीच्या दोघी रिक्षात. ऋतुजाच्या आईनं अंगणात खुर्च्या मांडल्या, चहा दिला. ऋतुजा दाराला टेकून उभी राहिली. ती आत जाईना, की बाहेर येईना. बाईंनी कप खाली ठेवला.

"चूक कोणाची ते मला ऐकायचं नाही," त्या म्हणाल्या. "आपण काय केलं तेवढंच प्रत्येकीनं सांगायचं. माझ्यापासून सुरुवात. त्या दिवशी गादी वीतभर लांब होती. मला दिसत होती. उठायचा कंटाळा केला."

बाईंना आम्ही कधी कशाची कबुली देताना ऐकलं नव्हतं. संपदा हळूच म्हणाली, "मी न बघता ऋतुजाचं नाव घेतलं." चहावर साय धरली. गोठ्यात म्हैस पाय बदलत होती तेवढाच आवाज. खोटं बोलणं इतकं सोपं गेलं होतं आणि खरं मात्र जड जात होतं.

"मी मोबाइलकडे बघितलं," शेवटी मी म्हणाले. "माझा हात गेला. ऋतुजाचा नाही."

ऋतुजा दाराला टेकूनच राहिली. बोलली ती मानसी. "मला माहीत होतं," ती म्हणाली. "कुठला हात गेला ते माझ्या पायाला कळतं. तू कधी सांगतेस त्याची वाट बघत होते. आणि मीही गप्प बसले, ही माझी चूक." मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "म्हणून वर जायची भीती वाटत होती गं. पडायची नाही."

ऋतुजानं माझा कप उचलला. "गार झालाय. दुसरा आणते," म्हणाली आणि आत गेली. दुसऱ्या दिवशी ती सरावाला आली. माझ्याशी नीट बोलायला तिला आणखी आठ दिवस लागले, आणि ते रास्तच होतं.

स्पर्धेत आमचा पाचवा नंबर आला. सहा संघ होते. पण मानसी वर गेली, उभी राहिली आणि खाली आमच्या हातांत आली. बाई म्हणाल्या, "हसलात मात्र भयंकर."

त्या संध्याकाळी त्या मला स्कूटरवरून सोडायला आल्या. वाटेत मी विचारलं, "बाई, हे असं बोलतं करायचं तुम्ही कुठे शिकलात?" सिग्नल सुटला, त्यांनी गाडी पुढे काढली. मग म्हणाल्या, "शिकले नाही. माझ्या खो-खोच्या संघात एक मैत्रीण होती. एक सामना हरलो आणि कोणामुळे हरलो यावरून बोलणं तुटलं. विश्रांतवाडीत माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहते. आधी कोण बोलणार, यात तीस वर्षं गेली." मी म्हटलं, मग आता जा ना. "बघू," म्हणाल्या आणि गाडी जरा जोरातच हाणली.

बाई आता निवृत्त झाल्या आहेत. गेल्या महिन्यात भाजीच्या गाडीजवळ भेटल्या. मी भीतभीत मैत्रिणीचं विचारलं.

"जाते की. दर गुरुवारी," मेथीची जुडी निवडत त्या म्हणाल्या. "तिला आता कुणाचंच काही आठवत नाही. मी त्या सामन्याचं सगळं सांगून टाकलं, माझी चूक होती तेही. लक्ष देऊन ऐकलंन. मग म्हणाली, 'तुम्ही फार छान बोलता हो. येत जा.'"

त्यांनी जुडी पिशवीत ठेवली. "'तुम्ही' म्हणाली मला," त्या म्हणाल्या, आणि बराच वेळ पिशवीचा बंद नीट करत राहिल्या.