सदाचे घडीचे नकाशे

सदा गेल्याचं मला वाचनालयाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून कळलं, त्याच्या घरून फोन यायच्या आधी. सकाळचा चहा घेता घेता फोन हातात घेतला तर 'आमचे देणगीदार श्री. सदानंद घाडी यांचे दुःखद निधन', त्याखाली जोडलेल्या हातांची रांग, आणि वर सदाचा फोटो. फीत कापतानाचा. खांद्यावर शाल, हातात कात्री, आणि चेहरा तसा, जसा घरात चोरी झाल्यावर पोलिसांसमोर उभ्या राहिलेल्या माणसाचा असतो. ज्याने तो फोटो निवडला त्याने त्या चेहऱ्याकडे पाहिलं नसावं. थोड्या वेळाने मंदावहिनींचा, म्हणजे सदाच्या बायकोचा, फोन आला. "भावजी, हे गेले. झोपेतच," एवढंच म्हणाल्या. पार्ल्याहून कांजूरमार्गला त्यांच्या घरी पोहोचेपर्यंत मी रिक्षात मनातल्या मनात त्या वाचनालयाच्या कार्यवाहांशी भांडत होतो. महिना उलटून गेला, ते भांडण अजून मिटलेलं नाही. गेलेल्या माणसावरच्या लेखात सगळं गोडच वाचायची ज्यांना सवय आहे, त्यांनी इथेच थांबावं.

सदा आणि मी एकाच विमा कंपनीत चिकटलो आणि एकाच टेबलाच्या दोन बाजूंना म्हातारे झालो. तो घाटकोपरचा, मूळचा राजापूरकडच्या जैतापूरचा. वडील गिरणीत होते. ऑफिसात त्याची ओळख 'नकाशेवाला घाडी' अशी होती, आणि ते नाव काही कौतुकाने पडलेलं नव्हतं. जुने घडीचे नकाशे आणि शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची प्रवासाची पुस्तकं तो जमवायचा. साहेबलोक मुंबईला उतरले की खिशात घालून फिरायचे तसली, लाल कापडी बांधणीची, मागच्या पुठ्ठ्याच्या खिशात घडी करून ठेवलेला नकाशा असलेली. सुरुवात वाकोल्याच्या एका रद्दीवाल्याकडे झाली. मुलीसाठी जुनी पाठ्यपुस्तकं शोधायला म्हणून गेला आणि असलं एक पुस्तक घेऊन आला. त्यात कोकण किनाऱ्याचा नकाशा निघाला, आगबोटींच्या मार्गाचा. मुंबईपासून खाली गोव्यापर्यंत ठिपक्यांची रेघ आणि तिच्यावर एकेक बंदर. तो त्याने घरी नेऊन वडिलांपुढे उघडला. वडिलांना इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. त्यांनी मुंबईवर बोट टेकवलं, रेघेवरून सावकाश खाली नेलं, आणि हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी अशी नावं घेत जैतापूरला येऊन थांबले. पोरवयात त्याच रस्त्याने आगबोटीतून ते मुंबईला आले होते. सदाने मला हे कॅन्टीनमध्ये सांगितलं तेव्हा त्याचे डोळे भरले होते. पुढे त्याने जे काही जमवलं ते त्या एका संध्याकाळपायी, असं मला वाटतं.

ज्याने घडीचा चांगला नकाशा कधी हातात घेतलेला नाही त्याला त्यातली गंमत सांगणं कठीण आहे. कागद नुसता दुमडत राहिलं तर काही वर्षांत तो घडीवर फाटतो. म्हणून जुने लोक नकाशाचे चौकोन कापून ते पातळ कापडावर शेजारी शेजारी चिकटवायचे आणि दोन चौकोनांमध्ये गव्हाच्या दाण्याएवढी फट सोडायचे. घडी पडते ती कापडाला, कागदाला तिचा त्रास नाही. असा नकाशा कितीही वेळा उघडा, मिटा, काही होत नाही. उलट मिटलेलाच ठेवला तर मुंबईची हवा त्याला खाते, बुरशी धरते, कसर लागते. म्हणून सदाचा एक नेम होता. दसरा झाला, हवा कोरडी झाली की एका रविवारी सगळे नकाशे उघडायचे. घाटकोपरच्या दोन खोल्यांत पलंगावर, जमिनीवर धुतलेल्या जुन्या चादरी पसरायच्या आणि ऑक्टोबरच्या त्या उकाड्यात पंखा बंद ठेवायचा. घामाचा थेंब नकाशावर पडू नये म्हणून आम्ही डोक्याला पंचे बांधून बसायचो. वहिनी दारातून बघून म्हणायच्या की दोघं अगदी बाळंतिणीसारखे दिसता. प्रत्येक नकाशाची घडी उलगडायची रीत वेगळी, आणि मिटताना तीच उलट्या क्रमाने पाळायची. मी एकदा आडवी घडी आधी घातली तर सदाने माझ्या हातातून नकाशा काढून घेतला आणि जेवायची ताटं येईपर्यंत माझ्याशी बोलला नाही.

त्या पुस्तकांत आपल्या माणसांबद्दल जे लिहिलेलं असायचं ते वाचून माझं डोकं फिरायचं. सामान उचलणारे, टांगा हाकणारे, भाव वाढवून सांगणारे, एवढीच आपली ओळख. सदा शांत असायचा. त्याच आगबोटीच्या डेकवर आमची माणसं बसली होती, पण त्यांनी काही लिहून ठेवलं नाही, मग या साहेबाचंच वाचायचं, असं म्हणायचा. प्रवासातही तो हीच पुस्तकं घेऊन निघायचा. एकदा वहिनींना महाबळेश्वरला घेऊन गेला आणि असल्याच एका पुस्तकातलं हॉटेल शोधत फिरला. त्या जागी पेट्रोल पंप होता. वहिनी भुकेने कासावीस, आणि हा पंपावरच्या माणसाला विचारतोय की इथे पूर्वी घोडे कुठे बांधायचे. वहिनींनी पुढची कित्येक वर्षं ही गोष्ट आल्यागेल्याला ऐकवली आणि दर वेळी तो असा हसायचा की जणू दुसऱ्याच कोणाबद्दल चाललंय.

मग त्यांची इमारत पुनर्विकासाला गेली आणि नवी उभी राहीपर्यंत नवराबायको कांजूरमार्गला भाड्याच्या घरात आले. तळमजला, भिंतींना ओल, वारा फिरला की कचऱ्याच्या डम्पिंगचा वास. तिथे नकाशे ठेवणं म्हणजे त्यांना डोळ्यांदेखत मारणं. मुलगी बंगळूरला, तिने सरळ सांगितलं की बाबा, मला यातलं काही कळत नाही आणि जागाही नाही. तेव्हा आपल्या उपनगरातलं एक वाचनालय पुढे आलं. नाव लिहीत नाही. स्वतंत्र खोली देऊ, 'घाडी दालन' म्हणू, असं त्यांनी कबूल केलं. सदा हरखून गेला. मी विम्यात आयुष्य काढलेला माणूस, मला बारीक अक्षरांची सवय. मी त्याला म्हटलं, "देणगीपत्रात एक अट घाल. वर्षातून एकदा नकाशे उघडायचे, आणि ते तू किंवा तू सांगशील त्याने."

"अरे, नकाशा उघडायचा असतो हे काय लिहून घ्यायचं?" तो म्हणाला. "वाचनालय आहे ना यार ते. पुस्तक उघडून वाचतात, हे त्यांच्याकडून कोणी लिहून घेतलंय का?"

या वाक्याचा मला आजही राग येतो. सदाचा राग येतो. ज्याच्या हातात घडीचा नकाशा पडेल त्याला तो कसा धरायचा ते आपोआप कळेल, या समजुतीत तो जन्मभर राहिला, कारण त्याच्या वडिलांना कळलं होतं. सगळी माणसं आपल्या बापासारखी असतील असं धरून त्याने सही केली. शाल मिळाली, श्रीफळ मिळालं, नकाशे टेम्पोतून गेले.

पहिल्या ऑक्टोबरात तो पिशवीत चादरी घालून वाचनालयात गेला. मी बरोबर होतो. कार्यवाह, पन्नाशीचे, हसतमुख, हाडाचे कार्यकर्ते, त्यांनी चहा मागवला आणि अतिशय नम्रपणे सांगितलं की सर, आता ती संस्थेची मालमत्ता आहे, कपाट उघडायला समितीचा ठराव लागेल. सदाने अर्ज केला. ठराव झाला नाही. पुढच्या वर्षी पुन्हा गेलो, पुन्हा चहा. त्या लोखंडी कपाटासमोर खुर्ची टाकून तो थोडा वेळ बसला आणि पिशवी उचलून निघाला. मी वाटेत म्हटलं की आरडाओरडा करू, वर्तमानपत्रात देऊ, वाट लावू त्यांची. तो म्हणाला, असू दे रे, निदान कोरड्या जागेत आहेत.

आणि मग या वर्षी कार्यवाहांचा स्वतःहून फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. सर, तुमच्या नकाशांचं आम्ही कायमस्वरूपी जतन केलंय, वर्धापनदिनाला दालनाचं उद्घाटन, आणि ते तुमच्याच हातून. सदाने इस्त्रीचा सदरा घातला. वहिनीही आल्या. फीत कापली, टाळ्या वाजल्या, ग्रुपवरचा तो फोटो तेव्हाचा. दार आधी किलकिलं होतं, त्यामुळे कापता कापताच त्याला आतलं दिसलं होतं.

चारही भिंतींवर प्लास्टिक चमकत होतं. सगळे नकाशे लॅमिनेट केलेले. पुस्तकांच्या मागच्या खिशांतलेसुद्धा काढून. मोठे नकाशे यंत्रात मावत नव्हते म्हणून कापलेले, चौकोन चौकोन वेगळे करून प्रत्येकावर प्लास्टिक चढवलेलं. ज्या फटींमुळे ते नकाशे शंभर वर्षं टिकले त्याच फटींतून कात्री चालवली होती. "कागदाला कुठेही कात्री लावलेली नाही सर," कार्यवाह अभिमानाने सांगत होते, "फक्त मधलं कापड कापलंय." सदा भिंतीभिंतीने शोधत चालला होता आणि काय शोधतोय ते मला माहीत होतं. कोकणच्या नकाशाचा वरचा भाग दाराशेजारी होता, रत्नागिरीपर्यंतचा. जैतापूरचा तुकडा मापाने जिथे बसला तिथे, दुसऱ्या भिंतीवर, खालच्या रांगेत, काठियावाडच्या शेजारी. सदा वाकला आणि त्याने त्या प्लास्टिकवर बोट टेकवलं.

"सर, प्लीज हात लावू नका," कार्यवाह हळूच म्हणाले, "ठसे उमटतात."

त्याने बोट काढून घेतलं. खिशातून रुमाल काढला आणि स्वतःच ती जागा पुसली... हे मी पाहिलंय. माझ्या मित्राने आपल्या बापाच्या गावावरून आपल्या बोटाचा ठसा पुसला, आणि मागे लोक पेढे खात होते. घरी जाताना तो रिक्षात एवढंच म्हणाला, "त्यांनी मनापासून केलं रे." मनापासून केलं म्हणूनच मला त्यांना माफ करता येत नाही. दुष्टपणाने केलं असतं तर पोलिसांत गेलो असतो. या माणसांचं काय करायचं? ते चांगले आहेत, फुकट राबतात, आणि त्यांना एकदाही विचारावंसं वाटलं नाही. ज्याने ते नकाशे जन्मभर हाताळले तो माणूस जिवंत होता, फोनवर होता, चादरी घेऊन त्यांच्या दारात येऊन बसला होता.

त्यानंतर सदाने नकाशांचा विषय काढला नाही. दसरा आला, गेला, ऑक्टोबरचा तो रविवारही गेला, मी फोन केला तर क्रिकेटबद्दल बोलला. मग तो गेला. डॉक्टर म्हणाले हृदय. असेल. माझी तक्रार त्याच्या मरणाबद्दल नाहीच, शेवटचे महिने तो ज्या गप्पपणे जगला त्याबद्दल आहे.

शोकसभा त्याच दालनात झाली. अध्यक्षांनी सांगितलं की घाडीसाहेबांचा ठेवा आता पाण्याने भिजणार नाही, वाळवीने खाल्ला जाणार नाही. मला बोलायला सांगितलं. मी सांगितलं की या खोलीत आता एकही नकाशा नाही, कारण यातला एकही उघडता येत नाही आणि मिटता येत नाही, आणि हे ज्याने केलं त्याने सदाला एकदा विचारायला हवं होतं. कोणीतरी खाकरलं. आभार मानताना कार्यवाह म्हणाले की जिवलग मित्र गेल्यामुळे त्यांच्या भावना अनावर झाल्या, त्यांच्या हृद्य मनोगताबद्दल संस्था ऋणी आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी चप्पल घालून निघून आलो.

गेल्या रविवारी वहिनींकडे गेलो होतो. आम्ही बोलत बसलो असताना वाचनालयाचा शिपाई आला आणि एक पाकीट देऊन गेला. आत शोकसभेचा ठराव होता, संस्थेच्या कागदावर, अध्यक्षांच्या सहीचा. लॅमिनेट केलेला. वहिनींनी तो चष्मा लावून पूर्ण वाचला, मग उठून सदाची कागदपत्रं ठेवलेला पत्र्याचा डबा काढला. डबा लहान होता. त्यांनी ठराव मधोमध दुमडला, तो उलटून सरळ झाला. पुन्हा दुमडला, तळहाताने दाबून धरला, हात काढला तर पुन्हा सरळ.

"भावजी," त्या म्हणाल्या, "याची घडीच होत नाही. कुठे ठेवू?"

त्यांनी तो पलंगावर टाकला, भिंतीकडच्या बाजूला, जिथे सदा झोपायचा.