ओटी बाहेर, पोर आत

‘ओटी बाहेर, पोर आत,’ असं म्हणून हॉस्टेलची मावशी फाटकात हात आडवा धरायची. हात काडीसारखा, पण तो ओलांडून गेलेला बाप मी पाहिला नाही. फाटकापासून मोरीपर्यंत सगळं हॉस्टेल तिच्याच अंगावर होतं.

मुलीला पहिल्यांदा हॉस्टेलवर सोडायला आलेली माणसं तुम्हीही पाहिली असतील. पोरगी एक आणि बरोबर टेम्पोभर माणसं. गादी, बादली, पोह्याच्या पापडांचा डबा, कुणाच्या तरी पिशवीत गुपचूप सुकट. आमच्याकडे मुलगी घर सोडते ती लग्नातच. कॉलेजला निघाली तरी बायकांना दुसरी रीत ठाऊक नसते. माझ्या आईनेही फाटकाशीच माझी ओटी भरली. नारळ, तांदूळ, खण. एकीकडे डोळे पुसत.

मावशीने ते सगळं माझ्या ओढणीतून उचललं आणि आईच्या पदरात परत घातलं.

‘वहिनी, पोर सासरी न्हाय चालली. आता ओटी भरलीत तर घरी येईल ती पाहुणी म्हणून. तिला घरचीच राहू द्या.’

आईला राग आला. वडील म्हणाले, ‘असू दे, इथली पद्धत असेल.’

मग हॉलमध्ये प्राचार्यांचं भाषण झालं. हजेरी, शिस्त, मोबाईल, पालकांचा ग्रुप. माईक शिट्ट्या मारत होता आणि वडील प्रत्येक वाक्याला मान हलवत होते. पालकांसाठीचं खरं भाषण मावशीचं. ते बाहेर, चपला घालताना व्हायचं. ‘पहिले काही दिवस पोर फोनवर रडेल. तुम्ही रडू नका. मग एक दिवस फोन करायलाच विसरेल. तेव्हा रडा पायजे तर.’ आणि सुकट? ‘ती माझ्याकडं द्या. मेसवाल्याला वास चालत न्हाय.’ ती सुकट आम्हाला पुन्हा कधी दिसली नाही. विचारलं तर म्हणायची, ‘वास संपवला.’

आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिली. हे मी मान वर करूनच सांगते. पण दिवेआगरची आमची सुपारीची वाडी वादळात आडवी झाली होती. नवी झाडं हाताशी येईपर्यंत घरातलं एक ताट कमी व्हावं, असं काकाचं मत होतं.

दुसऱ्या वर्षी नवरात्रात वडील, काका आणि काकू मला न्यायला आले. दिघीहून फेरीबोटीने आगरदांड्याला, तिथून रिक्षाने.

‘आजीचं काही खरं नाही,’ काका म्हणाला.

मावशीने काकूच्या पिशवीत डोकावून पाहिलं. वरच प्लास्टिकमध्ये नवी कोरी साडी होती.

‘ही आजीला नेसवणार काय?’

काकूने पिशवी मागे घेतली. वडील जमिनीकडे बघत राहिले, तेव्हा मला कळलं.

‘कोण येणार आहे मला बघायला?’ मी विचारलं.

‘बघून जातील फक्त,’ वडील म्हणाले. पसंती कधीच कळवून झाली होती, सुपारी फोडायचं तेवढं राहिलं होतं, हे आईने मला नंतर सांगितलं.

‘रेक्टर मॅडमच्या सहीशिवाय पोर सोडता येत न्हाय,’ मावशी म्हणाली. ‘मॅडम अलिबागला गेल्यात. येतील संध्याकाळी.’ नियम होताच. एरवी तो तिला आठवत नसे.

काका तिच्या अंगावर गेला. ‘तू कोण लागतेस हिची?’

‘कोण न्हाय. लागत असते तर मीपण पिशवी घेऊन आले असते.’

तिने तिघांना बसवलं, चहा पाजला, काकूला पंख्याखाली जागा करून दिली आणि वडिलांना अदबीने म्हणाली, ‘भाऊ, शेवटची बोट चुकेल हं.’ ते गेले. बघायला आलेली माणसं वाट पाहून परतली आणि स्थळ फिसकटलं. त्या दिवशी मी गेले असते तर आज हे लिहायला बसले नसते. कुठल्या तरी घरात भात लावत असते.

काकाची संस्थेतल्या एकाशी ओळख होती. दिवाळीच्या आधी मावशीला काढलं. कारण कुणी सांगितलं नाही. ती कापडी पिशवी घेऊन भावाकडे निघाली. आम्ही मुली मागे गेलो तर म्हणाली, ‘काय मिरवणूक काढताय? अभ्यास बघा.’

मी फोन करायचे. ‘मी मजेत,’ म्हणायची. शेवटच्या वर्षी फोन लागेनासा झाला आणि माझी परीक्षा तोंडावर आली.

बी.ए. झाले. पेढे घेऊन मुरुडला तिच्या भावाचं घर शोधत गेले. पडवीत तिची भावजय कोळंबी सोलत बसली होती.

‘मावशी आहेत?’

‘गेली. शिमग्याच्या आधी.’

साखर होती तिला. हॉस्टेलवर होती तोवर गोळ्या चालू होत्या. काम सुटलं, गोळ्याही सुटल्या. पायाला जखम झाली, ती चिघळत वर गेली. हे सांगताना भावजयीचे हात थांबले नव्हते. मग तिने माझ्याकडे नीट पाहिलं.

‘तूच का ती, दिवेआगरची?’

‘हो.’

‘झालीस पास?’

‘झाले.’

तिचे हात बरबटलेले होते. तिने तोंड पुढे केलं, मी पेढा भरवला. चावता चावता तिने पायाने एक पाट माझ्याकडे सरकवला. मी बसले. पाटीतली कोळंबी संपेपर्यंत मीही तिच्याबरोबर सोलत राहिले.