लॅपटॉपला ‘नको’ म्हटलं, त्याची गोष्ट

चहाचा घोट आधी गिळून घ्या, मग ऐका. नाहीतर ठसका लागेल. मूर्खपणा माझाच आहे आणि मीच सांगणार. दुसऱ्या कुणी सांगितला तर त्याची खैर नाही!

शेवगावात माझं मोटार वायंडिंगचं दुकान, म्हणजे विहिरीवरच्या जळक्या मोटारींत नवी तार भरायची. शाळा चौथीपर्यंत. इंग्रजी शिकले ती मोटारींवरच्या पाट्या आणि एक फाटकी डिक्शनरी यांच्या जोरावर. साठी उलटली, तेव्हा जावयांनी नागापूरच्या कारखान्यातून मोडीत काढलेला एक लॅपटॉप मला आणून दिला. गावात साधा कॉम्प्युटर बघायला लोक चपला बाहेर काढून आत जायचे, आणि माझ्या मांडीवर लॅपटॉप!

मासिकासोबत आलेल्या सीडीवरून मी त्यात विंडोजच्या जागी लिनक्स टाकलं. का? तर त्याचं पोट उघडून बघता येतं. जिचं झाकण उघडू देत नाहीत अशी वस्तू मी कधी घरात घेतली नाही.

सगळं चाललं. फक्त आवाज नाही. ठार मुका! आणि नगरहून नातीने स्वतःचं गाणं फ्लॉपीत भरून पाठवलेलं.

जावई म्हणाले, “मामी, लॅपटॉपवर लिनक्सला आवाज फुटत नाही. विंडोज टाकून देऊ?”

“नको.”

“मग मला परत द्या. इथे धूळ खात पडेल.”

“रविवारी या. गाणं नाही वाजलं तर उचला आणि न्या!”

वर गल्लीतल्या बायकांनाही आवतण देऊन बसले.

उपाय सीडीसोबतच्या पुस्तिकेत सापडला. कर्नल, म्हणजे लिनक्सचं इंजिन, ते साउंड कार्डासकट नव्याने बांधायचं. मला काय अवघड? जन्मभर जळक्या मोटारी नव्याने भरल्या मी.

शनिवारी सकाळी बसले. बघते तर ते प्रश्नच विचारत सुटलं. हे हवं का? ते हवं का? हो असेल तर वाय दाबा, नको असेल तर एन. एक झाला की दुसरा. शेकडो!

तुम्हीच सांगा, दारावर भांडीवाली “हे घ्या, ते घ्या” करत बसली तर तुम्ही काय म्हणता? मला आवाज हवा होता, तेवढाच घेणार! जॉयस्टिक? नको. टेपचं यंत्र? नको. असा हात बसला की पुढे पुढे प्रश्न वाचायचीही गरज पडेना. एन, एन, एन! शेवटी जुनं कर्नल पुसलं आणि नवं बसवलं. जळकं वायंडिंग कुणी जपून ठेवतं का?

रविवारी बायका जमल्या. जावई खुर्चीत. मी ऐटीत बटण दाबलं. दहाबारा ओळी सरसर आल्या आणि सगळं ठप्प.

“काय म्हन्तंय गं ते?” शेजारची पारूबाई.

जावयांनी वाकून वाचलं. “कर्नल पॅनिक. म्हणजे घाबरलंय, मामी. तुम्हाला बघून.”

बायका फिदीफिदी हसल्या.

“सीडी खोटी! मासिक खोटं! आणि तुमचा लॅपटॉप जन्माचा भित्रा!” मी कुणालाच सोडलं नाही.

नशीब, यंत्र उठवायची फ्लॉपी करून ठेवली होती. ती घातली, आणि मी दिलेल्या उत्तरांची यादी उघडली. जावई मोठ्याने वाचायला लागले.

“हार्ड डिस्क हवी का? नको.”

म्हणजे सगळं सामान जिथे ठेवलंय, त्या कोठीलाच मी नको म्हटलेलं!

“असू दे. चुकतं माणूस.”

“आणि मामी... साउंड कार्ड हवं का?”

“त्याला मी हो म्ह—”

“नको.”

पारूबाई पदर सावरत पुढे सरकली. मग म्हणाली, “अगं बये, ज्याच्यासाठी येवढा खटाटोप, त्यालाच न्हाई म्हनलीस व्हय?”

मी पदर खोचला. “कुणी उठायचं नाही!”

पुन्हा पहिल्या प्रश्नापासून. या खेपेला एकेक प्रश्न मराठीत मोठ्याने सांगत. साउंडचा आला तशा सगळ्या ओरडल्या, “व्हय म्हन! व्हय म्हन!” कर्नल तयार होईपर्यंत दोनदा चहा झाला, एकदा पोहे झाले. जावई जागचे हलले नाहीत. लॅपटॉप न्यायचा होता ना!

मग नातीची फ्लॉपी घातली. जरा खरखरलं, आणि पोरगी गायला लागली. बेसूर गाते हो. पण काय वाजली! मी जावयांकडे बघितलं.

माणूस दिलदार. हात जोडून म्हणाले, “हरलो, मामी. मला रंगीत पडद्याचा नवाकोरा लॅपटॉप मिळतोय, तो तुम्हालाच देऊन टा—”

“नको!”

गेलं तोंडातून! पारूबाईने कपाळावर हात मारला. जावई “बरं” म्हणाले आणि चपला घालून निघाले.

अजून त्याच काळ्या-पांढऱ्या पडद्यापुढे बसलेय. कर्नलने बिचाऱ्याने सगळे प्रश्न मला दुसऱ्यांदा विचारले. जावई काही विचारत नाहीत. आणि मी आपणहून मागेन? हॅट्!