मुक्या देवाचा डोंगर

लढाई संपली आणि माझा नवरा ब्रह्मदेशातून परत आला. लग्नाला वर्ष व्हायच्या आत ते पलटणीत गेले होते, त्यामुळे मला त्यांचा चेहराही नीट आठवत नव्हता. आले, ओट्यावर बसले आणि बसूनच राहिले. वाढलं की जेवत. बोलत मात्र नसत. सासूबाई रडल्या, दृष्ट काढली, अंगारे लावले. मला रडू आलं नाही. आनंदही झाला नाही. थापायच्या भाकरी वाढल्या, एवढंच.

शेवटी सासूबाई म्हणाल्या, "मुक्या देवाकडं नेऊ त्याला. त्यो वाचा देतो."

गावामागच्या डोंगरमाथ्यावर कोरीव लेणं होतं. आत मांडी घालून, डोळे मिटून बसलेली दगडी मूर्ती. लोक सांगत, हा राजा होता. बायको आणि तान्हं पोर झोपेत असताना घर सोडून इथं आला. बायको शोधत डोंगर चढली, दारात बसून विचारत राहिली, "का गेलात?" राजा बोलला नाही. ती तिथंच दगड झाली. तिच्या दगडाला आधी कुंकू लावायचं, मग आत जायचं, अशी रीत. हा बुद्ध आहे, हे तेव्हा गावात कुणाला ठाऊक नव्हतं.

मी कुंकू लावलं आणि दारातच थांबले. हे आत जाऊन मूर्तीसमोर उभे राहिले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "ह्यो तिकडं बी हाय."

सासूबाई दचकल्या. "कुटं रं, बाळा?"

"ब्रह्मदेशात. गावोगाव. याच्याच देवळात आमी जखमी पडून हुतो. शेजारचा गडी दिसभर आईला हाका मारीत हुता. सांजंला गप झाला."

सासूबाईंनी मूर्तीचे पाय धरले. देव पावला, देव पावला, म्हणत राहिल्या. हे बाहेर येऊन माझ्याजवळ बसले.

"भूक लागली," म्हणाले.

मी फडकं सोडून भाकरी-चटणी दिली. तिकडे माझी आठवण यायची का, हे विचारायला ती वेळ बरी होती. पण विचारावंसं वाटलंच नाही. ते जेवले, मी खाली गावाकडे बघत बसले.

पुढे त्यांना भिंगारला छावणीत काम लागलं. आम्ही तिथं बिऱ्हाड केलं, मुलं झाली. कामापुरतं ते बोलत. ब्रह्मदेशाचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही, मीही नाही. शेजारणी म्हणायच्या, "तुमचे मालक किती शांत!" मी हो म्हणायचे आणि हंडा उचलून पाण्याला जायचे.