भाताचा गोळा

घशात काटा अडकला की कोरड्या भाताचा गोळा न चावता गिळायचा आणि वर केळं खायचं, हे दातिवऱ्यात आमच्या कोळ्यांच्या घरांत पोरं चालायच्या आधी शिकतात. माझा गोळा तर आळीत नावाजलेला. कोणाचं पोर घसा धरून रडायला लागलं की हाक मलाच. त्याचा मला भारी तोरा होता.

बोईसरला भावाकडे राहायला गेले, तेव्हा सहा वर्षांच्या भाचीसाठी स्टेशनबाहेरच्या गाडीवरून चुंबकाच्या मण्यांची डबी नेली. मिरीएवढे चकचकीत मणी. एकमेकांना असे चिकटत की सोडवताना नखं दुखत. भावजयीने डबी उलटसुलट करून पाहिली. "ताई, हे नको. तिला अजून सगळं तोंडात घालायची सवय हाय," असं म्हणून तिने ती कपाटावर ठेवून दिली. मला ते लागलं. दुसऱ्या दिवशी नवराबायको कारखान्यात पाळीला गेल्यावर मी स्टुलावर चढून डबी काढली. "आमी काय पोरं वाढवली नाय?" असं एकटीच पुटपुटलेसुद्धा.

पोरीला माझ्या नाकातल्यासारखी चमकी ओठावर हवी होती. एक मणी ओठाच्या आतून, एक बाहेरून लावून ती आरशापुढे मुरडत होती. थोड्या वेळाने माझ्याकडे आली. "आत्या, आतला गेला पोटात." मी गोळा वळला, केळं दिलं. "उद्या शीतून पडेल. मम्मीला नको सांगू हां." भावजयीचं ऐकून घ्यायची माझी तयारी नव्हती, एवढंच.

त्याच्या दुसऱ्या सकाळी ती डबीसाठी रडली म्हणून मी ती परत काढली. आणखी एक मणी गेला. तिला आता भीतीच उरली नव्हती. "आत्या, गोळा दे," ती म्हणाली. मी दिला.

संध्याकाळी ती पोट धरून ओकू लागली. दवाखान्यात डॉक्टरांनी तिलाच विचारलं, "बाळा, काही गिळलंस का?" तिने माझ्याकडे पाहिलं. मी नजर भिंतीकडे वळवली. "काय नाय," ती म्हणाली. उलटीचं औषध घेऊन आम्ही घरी आलो.

पुढच्या दिवशी ताप चढला, पोट कडक झालं. एक्स-रेत दोन मणी दिसले. डॉक्टरांनी सांगितलं, मागेपुढे पोटात गेलेल्या मण्यांनी एकमेकांना ओढलं, मध्ये आतडं चिमटलं आणि त्याला भोक पडलं. कालच कळायला हवं होतं, म्हणाले. भावजय रडत पोरीवर ओरडली, "कपाटावर चढलीस तू? सांगितलं का नाय?" पोर गप्प. मी शेजारीच उभी होते, मीही गप्प. आजही ते आठवलं की मला माझीच किळस येते.

ऑपरेशन झालं, पोर वाचली. पोटावर उभा व्रण राहिला. कपाटावर चढल्याचा आळ मात्र तिच्यावरच राहिला.

गेल्या महिन्यात ते सगळे दातिवऱ्याला आले होते. जेवताना पोरीच्या घशात काटा अडकला. मी सवयीने गोळा वळून तिच्यापुढे धरला. तिने तो घेतला नाही.

"आत्या," ती हळूच म्हणाली, "आता मम्मीला सांगू?"

भावजयीचा हात ताटातच थांबला. तिने आधी पोरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"डबी मीच काढून दिलेली," मी म्हणाले. "दोन्ही दिवस."